मागीलदारची शेवंती

मालवणात कुणाचं घर कसं आहे हे जाणून घ्यायचं असेल, तर लोक उगाच नगरपालिकेच्या पायऱ्या झिजवतात. शेवंतीला विचारावं. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन चौतीस वर्षं ती मेढा, भरड आणि धुरीवाडा तुडवत होती. शेकडो घरं तिला तोंडपाठ होती, फक्त मागच्या बाजूने. आमच्याकडे मासळी घरात येते ती मागीलदाराने, म्हणजे परसाकडच्या दाराने. तिथेच भांडी घासायची, तिथेच मांजर, तिथेच नारळाची सोडणं आणि तिथेच शेवंती. पुढीलदारी पाहुणे, पोस्टमन, भटजी आणि मतं मागणारे.

मागून पाहिलं की घर खोटं बोलू शकत नाही, असा तिचा दावा होता. भरडावरच्या एका वकिलांच्या बंगल्याचा रंग बघून माणसं थबकायची. शेवंती म्हणायची, "थंय काय्येक नाय. बांगडे घेतत आणि शेजाऱ्यांक सुरमय सांगतत."

मी हायस्कुलात भूगोल शिकवत असे. आमच्या घरी ती दिवसाआड यायची आणि दिवसाआड माझं तिच्याशी भांडण व्हायचं. बांगडे मऊ आहेत असं मी म्हणायचो आणि माझी बोटं मऊ आहेत असं ती म्हणायची. "शाळेत मार्क वाढवन देतास, आणि हय भाव कमी करूक सांगतास," हे तिचं ठरलेलं वाक्य. माझी बायको सुशीला तेवढ्यात हवी ती मासळी उचलून आत गेलेली असे.

अशी ही घरांची जाणकार बाई २००४ साली स्वतः बेघर झाली, तीही आपल्याच हुशारीने. किनाऱ्यावरचं त्यांचं घर तीन भावांचं. तिचा नवरा रामचंद्र जाऊन बारा वर्षं झाली होती. पर्यटक यायला लागले, तशी पुतण्यांना त्या घरात त्यांच्यासाठी खोल्या काढायची घाई झाली आणि वाटणीची बोलणी सुरू झाली. शेवंतीला विचारलं, दोन खोल्या घेतेस की होडी? तिने क्षणाचा विचार न करता होडी घेतली. "खोली काय मासे मारूक जाता?" असं वर विचारलं. मुलगा सुदेश होडीवर जायचा, त्यामुळे हिशेब बरोबर होता. फक्त रात्री सगळ्यांनी निजायचं कुठे, हा मुद्दा तिच्या ध्यानात दुसऱ्या दिवशी आला. त्यात सुदेशचं लग्न ठरलेलं, विजयदुर्गच्या संजनाशी, वैशाखात. म्हणजे चैत्र संपायच्या आत भाड्याचं घर बघणं आलं.

जागा दोन होत्या. एक, नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट: हॉल, स्वयंपाकघर, आतच फरशी लावलेली न्हाणी आणि दिवसभर पाणी येणारा नळ. सुदेश त्या नळाच्या प्रेमातच पडला होता. दुसरी जागा मेढ्यातली, माझा चुलतभाऊ यतीन याचं घर. सात खोल्या, मागे विहीर, पुढे खळं, म्हणजे अंगण. यतीन डोंबिवलीला. त्याची आई, म्हणजे माझी पद्मावतीकाकी, वारल्यापासून त्या घराची चावी माझ्याकडे होती. रोज संध्याकाळी दिवा लावायचा, शनिवारी पाला झाडायचा आणि फणस पडला की आधी कौलं मोजायची, ही कामंही माझ्याकडेच. यतीनला भाड्याची हाव नव्हती. घरात माणूस हवं, मे महिन्यात आणि चतुर्थीला आम्ही आलो की दोन खोल्या आम्हाला हव्यात, एवढंच त्याचं म्हणणं. तेव्हा शेवंतीने हे घर घ्यावं असं मला मनापासून वाटत होतं, त्यात माझी कंबरही वाटेकरी होती, हे आधीच सांगून टाकतो.

सुदेशच्या मनात मात्र फ्लॅटबरोबर आणखी एक गोष्ट होती. त्याला आईची पाटी कायमची उतरवायची होती. फ्लॅटच्या मालकाने अट घातली होती, मासळीची पाटी जिन्यावरून न्यायची नाही. दुसरा कुणी असता तर अशा अटीवर भडकला असता. सुदेशला तीच अट आवडली. मालक नाही म्हणाला की आपल्याला वाईट व्हायला नको. "आये, आता तू बस," तो रोज म्हणायचा. लिलावात अख्ख्या किनाऱ्याशी भांडणारी शेवंती यावर काही बोलू शकत नसे, कारण तो मायेने बोलत होता. मग तिने सगळा राग त्या फ्लॅटवर काढला.

फ्लॅट बघायला सुदेशने मलाही नेलं, शिकलेला माणूस बरोबर असावा म्हणून. मालक दार उघडून उभे होते. शेवंती आत शिरली, चार पावलांत गॅलरीपर्यंत पोचली आणि वळली.

"मागीलदार खंय आसा?"

"मावशी, फ्लॅटला एकच दार असतं," मालक म्हणाले.

"एकच? मगे कचरो खयसून जाता? मांजर खयसून येता?"

"मांजर येत नाही."

"मांजर येना नाय त्या घरात नुस्तां कसला खातास?" तिने विचारलं. नुस्तां म्हणजे आमच्याकडे मासळी. मालकांनी अटी सांगायला घेतल्या. जिन्यावरून पाटी नाही. गॅलरीत सुकट घालायचं नाही. खाली गाड्यांच्या जागेत जाळं पसरायचं नाही. सुदेश प्रत्येक अटीला मान डोलवत होता. अटी संपल्यावर मालक आवाज उतरवून म्हणाले, "बाकी उद्या एखादा सरंगा मिळेल का हो? खाली गेटवर दिलात तरी चालेल."

"सरंगो वर इलेलो चलता, आणि पाटी इलेली चलना नाय?" शेवंती म्हणाली. मी गॅलरीतून समुद्र दिसतो का ते बघायला गेलो. समुद्र दिसत नव्हता, पण हसू लपवता आलं.

उतरताना सुदेशने पुन्हा तिच्या गुडघ्यांचा विषय काढला. ती कठडा न धरता उतरत होती, मुद्दाम. "माझ्या गुडघ्यांनी माझ्याकडे तक्रार करूक नाय," ती म्हणाली. "तुझ्याकडे कधी केल्यानी?"

दुसऱ्या दिवशी चार वाजता यतीनचं घर बघायचं ठरलं. मी साडेतीनलाच जाऊन लोटा, म्हणजे पुढची पडवी, झाडून घेतली, बाक पुसला, दार सताड उघडलं आणि उभा राहिलो. चार वाजले. सव्वाचार, साडेचार. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण विचारत होता, "काय मास्तर, पावणे येवचे आसत?" मला वाट बघायला लावलेलं अजिबात चालत नाही. वर्गात उशिरा येणाऱ्याला मी दाराबाहेर उभा करत असे, आणि इथे मीच दारात उभा होतो. पाच वाजता मी तणतणत मागीलदाराची कडी नीट आहे का ते बघायला गेलो. दार उघडलं, तर पायरीवर शेवंती. उकिडवी बसलेली, विहिरीकडे बघत, माझ्याहून जास्त तापलेली.

"मास्तरानू, तास झालो बसलंय. दार कित्या उघडूक नाय?"

"गो, मी तासभर पुढीलदारी उभो आसंय!" मी ओरडलो. "घर भाड्यान घेवक इलंस, की नुस्तां विकूक?"

ती गडबडून उठली. चौतीस वर्षांत तिला असं ओशाळलेलं मी पाहिलं नव्हतं. "ह्या घराक मी दुसऱ्या दारान कधी इलंयच नाय," ती म्हणाली. पाय आपसूक इकडे वळले होते.

मग मी तिला मागून पुढे घर दाखवत नेलं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ती थांबली. हात पदराला पुसले, जरी त्या दिवशी तिने मासळीला हात लावलेला नव्हता, आणि मग आत पाऊल टाकलं. चुलीची जागा तिला माहीत होती. पद्मावतीकाकी इथे बसून मासळी तळताना तिने बाहेरून पाहिलेली. त्यापुढचं काहीच माहीत नव्हतं. माजघर आलं, दोन्ही बाजूंच्या खोल्या आल्या, मग वळई, म्हणजे आमची बैठकीची मोठी खोली. तिथे मध्यभागी उभी राहून ती वासे न्याहाळत राहिली.

"ह्या घराच्या मागे येवढां घर होतां?" तिने विचारलं.

मी भूगोलाचा मास्तर. पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली हे मी तिला समजावून सांगायला लागलो आणि मध्येच गप्प झालो. तिच्या बाजूने बघितलं तर ती बरोबर होती.

पुढे लोट्यावर आल्यावर तिने बाकाकडे बोट दाखवलं. "हय कोण बसतला?"

"घर घेतलंस तर तूच बस."

"मी?" ती खदखदून हसली. "हय बसान मी काय करू? रस्त्याची राखण?" आणि बाकाला नुसता हात लावून ती परत मागे गेली. मागीलदारी तिने सगळं नीट पाहिलं: विहीर, दगड, सुकट घालायला ऊन किती, पाटी ठेवायला सावली किती. पाहून झाल्यावर पायरीवर बसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मास्तरानू, माका घरात बसूक नको. फ्लॅट घेतलो की पाटी गेली. पण झिलाक कसा सांगू? तो मायेन बोलता."

तिच्या मुलाला मी सांगावं असं तिच्या मनात होतं. मी ते टाळलं. कुणाच्या घरातल्या मायेत मध्ये पडायला मी घाबरतो. पुढच्या आठवड्यात नवरी आईबरोबर दोन्ही जागा बघायला येणार होती. नव्या मुलींना फ्लॅटच आवडतात, तेव्हा यतीनचा पाला आपल्या नशिबात आहेच, असं मी धरून चाललो.

संजना आली. आधी फ्लॅट. सुदेशने तीन वेळा नळ उघडून दाखवला, तीन वेळा बंद केला. न्हाणीतल्या फरशीवरून हात फिरवला. संजना बघत होती, "बरां आसा" म्हणत होती. हॉलमध्ये मधोमध शेवंती उभी होती.

"आणि आई?" संजनाने विचारलं.

"आये आता पाटी सोडतली," सुदेश अभिमानाने म्हणाला. "दिसभर हय हॉलात बसतली. टीव्ही बघतली."

"दिसभर?"

"दिसभर."

संजनाने हॉलकडे पाहिलं. तिथून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. अंतर तीन पावलं. मग तिने होणाऱ्या सासूकडे पाहिलं आणि सासूने तिच्याकडे. दोघींच्या नजरेत काय ठरलं ते त्यांनाच ठाऊक.

"तां मोठां घर खंयसर आसा?" संजना म्हणाली.

मुलगी किती गुणाची, सासूचा किती विचार करते, असं पुढे महिनाभर मेढ्यात सगळे म्हणत होते. मला ते तीन पावलांचं अंतर आठवायचं. चावी मात्र त्याच संध्याकाळी देऊन टाकली.

सुदेशने तो नळ विसरायला वर्ष घेतलं. पाणी ओढताना विहिरीवर त्याचं तोंड बघण्यासारखं असे. आणि घर सात खोल्यांचं घेऊनही ती तिघं राहिली मागच्या तीन खोल्यांत. पुढच्या भागात जाळी, वल्ही आणि लग्नात आलेलं कपाट. पुढचं दार उघडायचं ते यतीनची माणसं मे महिन्यात आली की. "भाडां सात खोल्यांचां, आणि रवतास फ्लॅटाएवढ्या जागेत," असं मी चिडवायचो. शेवंती ऐकून न ऐकल्यासारखं करायची, पाटी डोक्यावर चढवायची आणि मागीलदाराने बाहेर पडायची. चार वर्षं अशी गेली.

२००८ साली गुडघ्यांनी शेवटी तक्रार केली. एका सकाळी आमच्या परसातून तिला उठताच येईना. सुदेश आणि मी तिला रिक्षात घातलं. डोक्यावर वजन घ्यायचं नाही, फिरायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. सुदेश भला मुलगा. "मी सांगत होतो" असं तो एकदाही म्हणाला नाही. त्याने फक्त पाटी धुतली आणि माळ्यावर पालथी घातली.

अकरा दिवस शेवंती बसून होती. मी बघायला गेलो तेव्हा ती मागच्या पायरीवर होती, समोर काही नाही, हात मांडीवर. ते हात रिकामे मी पहिल्यांदाच पाहत होतो. तिने भांडण काढलं नाही, मीही काही काढलं नाही. परत येताना मला फार वाईट वाटलं. तिच्या जागी आता दुसरी बाई मासळी घेऊन येत होती. तिला भांडण करता येत नव्हतं आणि बांगडेही मऊच असायचे.

पाटी शेवटी माळ्यावरून काढली ती संजनाने. अकरा दिवस तिने सासूच्या सूचना ऐकल्या होत्या: कालवणात कोकम कधी टाकावं, तवा कधी ठेवावा, खोबरं किती वाटावं. सात खोल्याही कमी पडायला लागल्या होत्या. तिने पाटी सुदेशसमोर ठेवली आणि म्हणाली, "डोक्यार नको म्हणान डॉक्टर सांगता. दारात नको म्हणान कोण सांगता?" होडी घरची, मासळी घरची. सुदेशने डोकं खाजवलं आणि दुसऱ्या दिवशी मासळी लिलावाला न लावता थोडी घरी आणली. मेढ्यातल्या बायकांना संजनाने मोबाईलवरून कळवलं.

मीही पिशवी घेऊन निघालो. परसातून गेलो आणि मागीलदार ठोठावलं. दार आतून बंद. पुन्हा ठोठावलं, हाका मारल्या. घराच्या पलीकडून, लांबून, शेवंतीचा आवाज आला. "पुढीलदारान येवा!"

वळसा घालून गेलो. लोट्यावर, मी चार वर्षांपूर्वी पुसलेल्या त्या बाकावर, शेवंती बसली होती. खाली पायरीवर ओल्या गोणपाटावर पाटी. समोर प्लॅस्टिकच्या चार खुर्च्या आणि तीन खुर्च्यांवर मेढ्यातल्या तीन बायका, हातात पाण्याची भांडी. यतीनच्या लोट्यावर मासळी? जुना चावीवाला या नात्याने माझ्या तोंडात शब्द आलेही होते.

"मास्तरानू, चोरासारखे मागीलदारान खंय फिरतास?" ती म्हणाली. "बसा. संजना, मास्तरांक पाणी हाड."

"आधी नुस्तां दाखय."

"नुस्तां खंय पळान जाता? आधी पाणी घेवा. अडतीस वर्सां मी लोकांच्या मागीलदारी उकिडवी बसलंय. माझ्या दारात कोण तसो बसाचो नाय."

हे ती मला टोचायला म्हणाली नव्हती. हसतच म्हणाली आणि दुसऱ्या बाईला सुंगटं, म्हणजे कोळंबी, दाखवायला वळली. मी खुर्चीवर बसलो. आमच्या घरी ती कुठे बसायची ते मला आठवायला लागलं. धुण्याच्या दगडाशी. पावसात पागोळ्या अंगावर घेत, डोक्यावर प्लॅस्टिक ओढून. तिने पाणी मागितलं तर सुशीला द्यायची, वरून, ओंजळीत. मी तिथेच उभा असायचो, भाव पाडत. इतक्या वर्षांत मला काही वेगळं दिसलं नव्हतं. मला लाज वाटली. पाणी संपवलं, भाव न करता बांगडे घेतले आणि घरी आलो. मास्तरांना बरं नाही का, अशी शेवंतीने संजनाकडे चौकशी केल्याचं नंतर कळलं.

त्या दिवाळीत मी तिला फराळाला बोलावलं. चार वाजता ये म्हटलं. सुशीलाने करंज्या तळायला घेतल्या. मी पुढच्या पडवीत दोन खुर्च्या मांडल्या, मधे स्टूल, स्टुलावर तांब्या-भांडं, आणि वाट बघत बसलो. चार वाजले. साडेचार. पाच. वाट बघायला लावलेलं मला अजूनही चालत नाही. पण या वेळी मी तणतणलो नाही. उठलो आणि सरळ मागे गेलो.

धुण्याच्या दगडाशी शेवंती बसली होती. नवं लुगडं, मांडीवर संजनाने दिलेला लाडवांचा डबा, दुखरा पाय पुढे लांब केलेला.

"गो, मी तासभर पुढीलदारी बसलंय."

"माझ्या घराक मी पुढीलदारान जातंय," ती म्हणाली. "तुमच्या घराक माका ह्यांच दार गावता."

मी हात पुढे केला. तिने तो धरला आणि उठली. उंबऱ्याशी हात पदराला पुसायला लागली, तेव्हा मी म्हटलं, "ऱ्हवांदे गो." स्वयंपाकघरातून, सुशीलाच्या कढईवरून, माजघरातून आम्ही पुढे गेलो. गुडघ्यामुळे ती सावकाश चालत होती, त्यामुळे तिला सगळं बारकाईने बघता आलं. भिंतीची ओल बघितली, वळईत थांबून वासे बघितले, खिडकीची कडी हलवून बघितली. मग पडवीत येऊन खुर्चीवर बसली. सुशीलाने तिच्या हातात भांडं दिलं. तिने पाणी संपवलं, रस्त्याकडे पाहिलं, मागे वळून घराकडे पाहिलं.

"भाड्यान घेवचा झाला तर ह्यां घर मी काय घेवचंय नाय, मास्तरानू," ती म्हणाली. "वळय बारीक आसा. मी मोठी समजत होतंय." मग खुर्चीत जरा मागे रेलली. "पण बसाक बरां आसा."

आणि तिने आणखी एक भांडं पाणी मागितलं.